दोन यार्डांचा माणूस

२४ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सनं आपला नोज टॅकल, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू, डेमन हॅरिसन डेट्रॉइट लायन्सला देऊन टाकला. बदल्यात काय घेतलं, तर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची एक निवड. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या बाजारभावाची कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीनं करायची नव्या खेळाडूंची निवड, सात फेऱ्यांचा असतो, आणि पाचव्या फेरीत हाती लागलेली बरीच पोरं दोन-तीन हंगामांत संघाबाहेर दिसतात. म्हणजे संध्याकाळी पाटी उचलायच्या वेळी भाजीवाली उरलेली मेथी ज्या भावात देते, त्या भावात हा माणूस गेला. त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी असोसिएटेड प्रेसच्या पन्नास पत्रकारांनी याच हॅरिसनला 'ऑल-प्रो'च्या पहिल्या संघात बसवलं होतं. बचावफळीच्या मधल्या भागातले त्या हंगामातले सर्वोत्तम दोन खेळाडू त्यांनी निवडले. एक एरन डोनाल्ड, दुसरा हा.

गंमत अशी की हॅरिसन जायच्या आदल्याच दिवशी जायंट्सनं ईलाय ॲपल हा पास अडवणारा कॉर्नरबॅक न्यू ऑर्लीन्सला दिला होता. ॲपलची न्यूयॉर्कमधली वर्षं काही फार सुखाची नव्हती. तरी त्याच्या बदल्यात चौथ्या फेरीची एक निवड मिळाली, वर सातव्या फेरीचीही एक. ॲपल वयानं लहान होता, त्याचा पगार कमी होता, हे हिशेब मला कळतात. तरीही ज्याच्याशी चाहत्यांचं कधी जमलं नाही तो चौथ्या फेरीला, आणि दोन वर्षांपूर्वीचा ऑल-प्रो पाचव्या फेरीला, हे त्या आठवड्यात कुणालाच फारसं खटकलं नाही. मला ते अजून खटकतं.

डोनाल्डला सगळे ओळखतात. अमेरिकन फुटबॉलशी ज्यांचा संबंध वर्षातून एकदा सुपर बोल या अंतिम सामन्याच्या पार्टीतल्या चिप्स-साल्सापुरता येतो, त्यांनीही ते नाव ऐकलेलं असतं. हॅरिसन मात्र नऊ हंगाम खेळला आणि एकदाही प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या संघासाठी, निवडला गेला नाही. त्याच्यावर कुणाचा राग होता असं नाही. तो जे काम करत होता ते मांडायला या खेळाच्या चोपडीत रकानाच नाही, आणि ज्याला रकाना नाही त्याला भाव नाही. मैदानावरच्या सर्वांत अवघड कामांपैकी एक काम एनएफएल गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या खात्यावर जमा करत आली आहे, असं माझं मत आहे.

मी न्यू जर्सीत राहतो. जेट्स आणि जायंट्स, दोन्ही न्यूयॉर्कचे म्हणवणारे संघ, खेळतात मात्र आमच्या राज्यात, ईस्ट रदरफर्डच्या एकाच मैदानावर. इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी हा खेळ माझ्या डोक्यावरून जायचा. चेंडूच्या मागे नजर धावायची आणि दर सहा सेकंदांनी एक ढीग दिसायचा. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, जन्मभर जायंट्सचे भक्त, एकदा म्हणाले, "चेंडू बघू नकोस. चेंडूच्या समोर जो सर्वांत जाडा उभा आहे ना, त्याचे पाय बघ." मी ते सौजन्य म्हणून ऐकलं. मग एका रविवारी खरंच पाय बघत बसलो, आणि मला तो खेळ पहिल्यांदा दिसला.

तर त्या जाड्याबद्दल. आक्रमण करणाऱ्या संघाचा सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो. त्याच्या बरोबर समोर, नाकासमोर नाक येईल असा, जो उभा असतो तो नोज टॅकल. सेंटरच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक फट असते. चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक यांतल्या कुठल्याही फटीतून घुसू शकतो. बचावातले बाकीचे बहुतेक खेळाडू एकेक फट वाटून घेतात. हॅरिसनसारख्याच्या वाट्याला पुष्कळदा दोन येतात. अंदाज बांधून एका बाजूला उडी मारायची त्याला मुभा नसते. हात लांब करून सेंटरला छातीवर धरायचं, अंगाला भिडू द्यायचं नाही, त्याच्या खांद्यावरून डोकावून पळणारा कुठे वळतोय ते बघायचं, आणि मग सेंटरला बाजूला सारून त्या फटीत कोसळायचं. हे सगळं दोन सेकंदांत.

ही झाली सोपी बाजू, कारण यात समोर एकच माणूस आहे. खरा नोज टॅकल मैदानात असला की प्रतिस्पर्धी सेंटरच्या जोडीला त्याच्या शेजारचा गार्डही त्याच्यावर सोडतात. दोघांचं मिळून वजन पावणेतीनशे किलोंच्या वर. दोघं खांदा लावून त्याला मागे रेटतात. तो पाऊलभर मागे गेला तर त्याच्या मागचा लाइनबॅकर अडखळतो आणि मधोमध रस्ता मोकळा होतो. तो जागचा हलला नाही, पाय रोवून बसला, प्रसंगी गुडघे टेकून दोघांना स्वतःवर ओढून घेऊन तिथेच ढीग करून बसला, तर मागच्या लाइनबॅकरला अडवायला कुणी उरत नाही. तो आरामात येतो, रनिंग बॅकला दोन यार्डांवर आडवा करतो, आणि समालोचक लाइनबॅकरचं नाव घेतो. टॅकल, म्हणजे पळणाऱ्याला पाडल्याची नोंद, लाइनबॅकरच्या खात्यावर. टाळ्या त्याला. ढिगाखालून शेवटी जो उठतो त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही, कारण तोवर जाहिरात लागलेली असते.

हॅरिसन सव्वासहा फूट उंच आणि दीडशे किलोंच्या वर. जेट्समधल्या पहिल्या दिवसांपासून त्याचं टोपणनाव 'स्नॅक्स', आणि ते इतकं चिकटलं की वर्तमानपत्रांचे मथळेही त्याच नावानं यायचे. मला या टोपणनावाचा थोडा राग आहे. माणूस दिवसभर ओझी उचलतो आणि आपण त्याला 'खादाड' म्हणून हाक मारतो, त्यातला प्रकार. अर्थात त्यानं स्वतः ते मजेत घेतलं, तेव्हा मी कोण तक्रार करणारा.

लुइझियानातल्या लेक चार्ल्सचा हा मुलगा. एका कम्युनिटी कॉलेजात त्याचं जमलं नाही, गावी परतला आणि एका मोठ्या दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचं काम करू लागला. तिथून आयोवामधल्या ऑस्कलूसा गावच्या विल्यम पेन विद्यापीठात गेला. या विद्यापीठाचं नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, फुटबॉलवेड्या अमेरिकनांनीही ऐकलेलं नसतं. ते एनसीएए या कॉलेज खेळांच्या मोठ्या संघटनेतसुद्धा नाही, एनएआयए नावाच्या छोट्या संघटनेत खेळतं. २०१२च्या ड्राफ्टमध्ये अडीचशेच्या वर खेळाडू निवडले गेले आणि त्यांत हा नव्हता. जेट्सनं त्याला ड्राफ्टबाहेरून उचललं. पुढच्याच वर्षी तो त्यांचा कायमचा नोज टॅकल झाला.

त्या वेळच्या जेट्सच्या पहिल्या फळीत तिघं होते: महंमद विल्करसन, शेल्डन रिचर्डसन आणि मधे हॅरिसन. २०१३ साली रिचर्डसनला बचावातला सर्वोत्तम नवोदित म्हणून पुरस्कार मिळाला. विल्करसननं त्या वर्षी १०.५ सॅक केले, २०१५ मध्ये १२ केले आणि प्रो बोल गाठला. सॅक म्हणजे क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याला जमिनीवर आणणं. बचावातलं सर्वांत चमकदार काम, पगारवाढीचा हमखास अर्ज. या दोघांच्या मधे उभं राहून दोन-दोन माणसं अंगावर घेणाऱ्या हॅरिसनचे संपूर्ण कारकिर्दीतले सॅक मोजले तर डझनही भरत नाही.

मग २०१६चा उन्हाळा आला आणि हिशेब पैशांत मांडला गेला. जेट्सनं विल्करसनशी पाच वर्षांचा ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. हॅरिसन त्याआधीच मार्चमध्ये निघून गेला होता. गेला कुठे, तर त्याच मैदानाच्या दुसऱ्या ड्रेसिंग रूममध्ये. जायंट्सनं त्याला पाच वर्षांसाठी ४ कोटी ६२ लाख ५० हजार डॉलर कबूल केले. एनएफएलच्या करारांतले सगळे आकडे हातात पडतातच असं नाही, पण तुलनेला ते पुरेसे आहेत. पुढच्या दोन हंगामांत विल्करसनचे सॅक आठ झाले आणि मार्च २०१८ मध्ये जेट्सनं त्याला सोडलं. यात विल्करसनवर सगळा ठपका ठेवणं बरोबर नाही, करार होण्याआधी २०१५च्या शेवटच्या सामन्यात त्याचा पाय मोडला होता. पण मधला माणूस गेल्यावर बाजूच्यांचं ओझं किती वाढलं, हा प्रश्न तेव्हा जितक्या गंभीरपणे विचारायला हवा होता तितका विचारला गेला नाही. विचारणार कशाच्या आधारावर? त्याचा रकानाच नव्हता.

इकडे जायंट्समध्ये काय झालं ते बघू. २०१५ साली त्यांचा बचाव यार्डांच्या हिशेबानं बत्तीस संघांत बत्तिसावा होता. ४४२ गुण दिले होते, सहा सामने जिंकले होते. २०१६ मध्ये त्यांनी २८४ गुण दिले. अकरा विजय, आणि २०११ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ. एका वर्षात दीडशेच्या वर गुणांचा फरक. याचं सगळं श्रेय हॅरिसनला देण्याइतका मी भाबडा नाही. त्याच उन्हाळ्यात संघानं कडेनं धावून जाणारा ऑलिव्हियर व्हर्नन साडेआठ कोटींना घेतला, कॉर्नरबॅक जनॉरिस जेंकिन्स सव्वासहा कोटींना घेतला. सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा, लँडन कॉलिन्स तर त्या वर्षी अंगात आल्यासारखा खेळला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या संघाचे लाइनबॅकर कुणाच्या स्वप्नात येतील असे नव्हते. संघानं त्या जागांवर फारसा खर्चच केला नव्हता. साध्या लाइनबॅकरांच्या जिवावर मधला रस्ता बंद ठेवता येतो तो समोरचा माणूस दोघांना खात असेल तरच.

त्या वर्षी डॅलस काउबॉइजची आक्रमणफळी देशात पहिली मानली जायची. टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन, तिघंही ऑल-प्रोच्या पहिल्या संघात. यांतला फ्रेडरिक सेंटर आणि मार्टिन गार्ड, म्हणजे हॅरिसनच्या अंगावर येणारी माणसं हीच. त्यांच्या मागे नवा रनिंग बॅक एझिकिएल एलियट, ज्यानं त्या हंगामात १,६३१ यार्ड काढले आणि लीगमध्ये पहिला आला. दर धावेमागे पाचच्या वर सरासरी. त्याचा आयुष्यातला पहिला सामना जायंट्सविरुद्ध होता. वीस वेळा चेंडू घेतला, ५१ यार्ड. जायंट्स २०-१९ नं जिंकले. डिसेंबरमध्ये पुन्हा गाठ पडली तेव्हा एलियटनं शंभरी ओलांडली हे खरं, पण काउबॉइजना सातच गुण करता आले आणि १०-७ असा तो सामनाही जायंट्सनं घेतला. डॅलसनं त्या हंगामात तेरा सामने जिंकले, तीन हरले, आणि तिनांतले दोन या एकाच संघाशी. हॅरिसनच्या नावावर त्या वर्षी ८६ टॅकल लागले. ज्याचं काम मुळात दुसऱ्याला टॅकल करू देणं आहे, त्याच्या नावावर हा आकडा म्हणजे नवलच.

क्रिकेट बघत वाढलेल्याला इथे बापू नाडकर्णी आठवणारच. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. लागोपाठ २१ षटकं निर्धाव. शून्य बळी घेणाऱ्या गोलंदाजाची ती कामगिरी साठ वर्षांनंतरही आपल्याला पाठ आहे, ती कशामुळे? क्रिकेटच्या धावफलकात निर्धाव षटकांना स्वतंत्र रकाना आहे म्हणून. ज्या चेंडूवर काहीच घडलं नाही तो चेंडूही कुणीतरी पेन्सिलीनं टिंब काढून नोंदवला आहे. अमेरिकन फुटबॉलला हे टिंब अजून सापडलेलं नाही.

बरं, आज ज्याच्या नावानं एवढी पूजा चालते तो सॅकही या चोपडीत तसा उशिराच आला. एनएफएलनं सॅकची अधिकृत नोंद खेळाडूच्या नावावर ठेवायला सुरुवात केली १९८२ मध्ये. इथे जो क्लेकोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. क्लेको जेट्सचाच. १९७७ मध्ये सहाव्या फेरीत घेतलेला, ट्रक चालवलेला, स्थानिक अर्धव्यावसायिक संघात खोट्या नावानं खेळलेला असा वल्ली. १९८१ साली कडेच्या जागेवरून त्यानं २०.५ सॅक केले, लीगमध्ये सर्वाधिक. जेट्सच्या पहिल्या फळीतल्या त्या चौकडीला 'न्यूयॉर्क सॅक एक्स्चेंज' असं नाव पडलं होतं आणि त्यांना खरोखर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात बोलावून घंटा वाजवायला लावली होती. पुढच्याच वर्षापासून सॅक अधिकृत झाला आणि क्लेकोचे ते साडेवीस अनधिकृत ठरून बाहेर राहिले. एका वर्षानं हुकलं!

पण मला क्लेको आवडतो तो त्यानंतर जे केलं त्यासाठी. संघाला गरज होती म्हणून तो कडेवरून मधे आला, टॅकल झाला, मग अगदी नाकासमोर, नोज टॅकल. आणि तिन्ही जागांवरून प्रो बोलला गेला. कडेचा उजेड सोडून मधल्या अंधारात जाणाऱ्याला लोक विसरतात, तसे त्यालाही विसरले. तो १९८८च्या हंगामानंतर निवृत्त झाला आणि हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, त्याचं नाव लागलं २०२३ मध्ये. मधल्या काळात त्याची बाजू कुणी लावून धरली? अँथनी मुन्योझ, ड्वाइट स्टीफनसन अशांनी, म्हणजे ज्यांनी त्याच्यासमोर उभं राहून मार खाल्ला त्यांनी. मला हा सगळ्यात भरवशाचा पुरावा वाटतो. आकडे तयार करणारे वर काचेआड बसलेले असतात. स्टीफनसन सेंटर होता, त्याच्या बरगड्यांना ठाऊक होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. आकडेशास्त्र जाणणारे तरुण म्हणतील, काका, तुमचा नोज टॅकल धावणं थांबवतो, पण धावण्याला आता विचारतो कोण? पासच्या एका प्रयत्नामागे साधारण सात यार्ड मिळतात, धावण्यामागे सव्वाचार-साडेचार. प्रतिस्पर्ध्यानं धावावं अशीच बचावाची इच्छा असायला हवी. शिवाय तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला, जिथे सामना फिरतो, तिथे हॅरिसन बाकावर बसलेला असतो, कारण क्वार्टरबॅकच्या मागे धावायला दीडशे किलोंचा गडी उपयोगाचा नाही. अर्ध्या-पाऊण वेळ खेळणाऱ्याला निम्मा पगार, यात अन्याय कुठला?

पगाराचं मी मान्य करतो. बाजार आहे, तो आपल्या अकलेनं चालतो. डोनाल्ड दोघांना अंगावर घेऊनही क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचा. त्याला जास्त मिळावेत यावर माझा वाद नाही. पण बाकीच्या युक्तिवादात एक भोक आहे. तिसरा डाउन आठ यार्डांचा असेल तर समोरचा संघ पास करणार हे स्टेडियममधल्या हॉटडॉगवाल्यालाही कळतं, आणि मग कडेचा खेळाडू मागचापुढचा विचार न करता क्वार्टरबॅकवर झेपावतो. सॅक होतो. तिसरा डाउन दोन यार्डांचा असेल तर त्याला थांबावं लागतं, कारण धावही येऊ शकते. आठ की दोन हे ठरतं पहिल्या दोन डाउनला, मधल्या ढिगात, आणि ते ठरवणारा माणूस तोवर पाणी पीत बसलेला असतो. सॅकच्या पावतीवर त्याची सही नसते.

याहून मोठी गोष्ट मागे घडते, आणि ती टीव्हीच्या चौकटीत मावतच नाही. धावणं थांबवायला पुढे सहाच माणसं पुरत असतील तर मागे दोन सेफ्टी खोल उभे ठेवता येतात. मधला माणूस रेटला जात असेल तर एका सेफ्टीला पुढे बोलवावं लागतं, आणि मागे एकटा राहिला की क्वार्टरबॅकचे डोळे चमकतात. तेव्हा नोज टॅकल पासच्या बचावातही खेळतच असतो. तीस यार्ड मागे उभ्या असलेल्या माणसाला तो तिथे उभं राहू देत असतो. गेल्या काही वर्षांत व्हिक फँजिओ या प्रशिक्षकाच्या धाटणीचा बचाव लीगभर पसरला तो याच तत्त्वावर: मागे दोघं खोल, पुढे माणसं कमी. फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये त्याच फँजिओच्या फिलाडेल्फिया ईगल्सनं कॅन्सस सिटीला ४०-२२ असं लोळवलं. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सवर सहा सॅक, आणि त्यासाठी एकदाही ब्लिट्झ नाही, म्हणजे मागचा एकही जादा माणूस पुढे पाठवावा लागला नाही. हे परवडतं कुणाला? ज्याच्याकडे पहिल्या फळीत मधोमध भिंत आहे त्याला. ईगल्सनं २०२२ मध्ये तेराव्या क्रमांकाची निवड जॉर्डन डेव्हिस या धिप्पाड नोज टॅकलवर खर्च केली होती तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली होती!

परत हॅरिसनकडे. जायंट्सनं त्याला सोडलं तेव्हा त्यांची अवस्था एक विजय, सहा पराभव अशी होती. दुकान आवरायला काढलं होतं. तेव्हाचे त्यांचे जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमन धिप्पाड लाइनमनांचे जाहीर प्रेमी म्हणून ओळखले जायचे, हा त्यातला आणखी एक विनोद. डेट्रॉइटचा बचाव तोवर धावण्याविरुद्ध लीगमधल्या सर्वांत वाईटांत मोजला जात होता. हंगाम संपला तेव्हा तो पहिल्या दहांत होता. संघ काही सुधारला नाही, सहाच सामने जिंकला. एका माणसानं संघ तरत नाही, त्यातून तो नोज टॅकल असेल तर नाहीच. पण मधली गळती थांबली. आणि दोन संघांच्या सुट्टीचे आठवडे असे जुळले, की सोळा सामन्यांच्या हंगामात हॅरिसन सतरा सामने खेळला. हा त्याचा एकमेव विक्रमासारखा आकडा, आणि तोसुद्धा वेळापत्रकाची कृपा.

त्यानंतर उतार लागला. तिशी ओलांडलेली, शरीर थकलेलं. २०१९चा हंगाम वाईट गेला, डेट्रॉइटनं सोडलं, २०२० मध्ये थोडं सिअॅटल, थोडं ग्रीन बे, आणि संपलं. रोज दोन माणसं अंगावर घेणाऱ्याच्या गुडघ्यांची मुदत लवकर संपते. क्वार्टरबॅक चाळिशीपर्यंत खेळतो म्हणून आपण त्याच्या आहाराचे गोडवे गातो.

जायंट्सनं पुढे काय केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. हॅरिसनला पाचव्या फेरीच्या भावात सोडल्यावर सहा महिन्यांत, एप्रिल २०१९ मध्ये, त्यांनी पहिल्या फेरीतली सतरावी निवड वापरून डेक्स्टर लॉरेन्स घेतला. दीडशे किलोंच्या वरचा, मधे उभा राहणारा. जे भंगारात घातलं तेच नवं कोरं पूर्ण किमतीला आणलं. लॉरेन्स उत्तम निघाला, माझा आवडता आहे, पण त्याचं नाव कधी गाजलं ते तपासा. पहिली तीन वर्षं तो दोघांना अंगावर घेत होता तेव्हा बाहेर फारसं कुणी विचारलं नाही. २०२२ मध्ये त्यानं साडेसात सॅक केले आणि लगेच प्रो बोल. २०२३ मध्ये सुमारे ९ कोटी डॉलरचा करार. २०२४ मध्ये बारा सामन्यांत नऊ सॅक, आणि मग जो तो म्हणू लागला की हा देशातला सर्वोत्तम नोज टॅकल. नोज टॅकलला मान मिळाला तो नोज टॅकलचं काम सोडून दुसरं काम करून दाखवल्यावर! सुतार चांगला हे ठरवायला त्याला गाता येतं का ते विचारल्यासारखं झालं.

हॉल ऑफ फेममध्येही हेच दिसतं. जॉन रँडलचे १३७.५ सॅक, वॉरन सॅपचे ९६.५. दोघंही मधले खेळाडू, दोघंही थोर, आणि दोघांनाही उचलून धरायला आकडा हाताशी होता. केवळ रेटून धरण्यावर, जागा न सोडण्यावर तिथे पोहोचलेली माणसं शोधायला गेलात तर कर्ली कल्पसारखी दोन-चार नावं सापडतील, आणि कल्पलाही निवृत्तीनंतर तीस वर्षांहून अधिक थांबावं लागलं, २०१३ पर्यंत.

मग करावं काय? मोजायची साधनं आता आहेत. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप बसवलेल्या आहेत, कोण कुठे किती वेगानं गेला हे सेकंदाच्या अंशात कळतं. धावेविरुद्ध लाइनमननं आपली लढत किती वेळा जिंकली याची टक्केवारी आता दर आठवड्याला निघते. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीवर गुण देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि हॅरिसनचं नाव पहिल्यांदा लावून धरलं ते अशाच लोकांनी, त्यांना श्रेय द्यायला हवं. पण हे सगळं हौशी आणि जाणकारांपुरतं राहिलं आहे. लीगच्या अधिकृत पानावर आजही सॅक ठळक. टॅकलची मोजदाद यजमान संघाचे नोंद ठेवणारे करतात आणि एका मैदानाचा हात दुसऱ्यापेक्षा सैल असतो. दोघांना अडकवून ठेवल्याची अधिकृत नोंद तर कुठेच नाही. ती सुरू करायला चिपवाल्या लीगला काय अवघड आहे? सॅक १९८२ पर्यंत नव्हताच, तो एका वर्षी आला. तसंच हे येऊ शकतं.

दुसरं, प्रो बोलची निवड. तिथे चाहते, प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्या मतांना एकेक तृतीयांश वजन आहे. चाहत्यांनी काय बघून मत द्यावं? जे टीव्हीवर दिसतं ते. मीही शेजाऱ्यांनी सांगेपर्यंत तेच बघत होतो, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण नोज टॅकलची जागा तिथे वेगळी काढायला हवी, कडेवरून किंवा फटीतून झपाट्यानं घुसणाऱ्यांच्या रांगेत त्याला उभं करू नये. आक्रमणात सेंटर, गार्ड, टॅकल अशा तीन वेगळ्या जागा मोजतात. बचावात मात्र मधले सगळे एका पिशवीत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत पटते. खेळाडूंची संघटना २०२२च्या हंगामापासून स्वतःचा ऑल-प्रो संघ निवडते. त्यात खेळाडू मत देतात ते आपल्या जागेवरच्यांना आणि ज्यांच्यासमोर ते उभे राहतात त्यांना. म्हणजे नोज टॅकलचा निकाल सेंटर आणि गार्ड लावतात. मुन्योझ आणि स्टीफनसन क्लेकोसाठी जे तोंडी करत होते, तेच इथे मतपत्रिकेवर. पत्रकारांच्या यादीच्या मानानं या यादीची चर्चा अजून फार होत नाही. व्हायला हवी. करारांमधली बक्षिसाची कलमं, हॉल ऑफ फेमच्या समितीपुढची कागदपत्रं, सगळीकडे ही यादी बरोबरीनं मोजली जायला हवी. हॅरिसनच्या वेळी ती असती तर फ्रेडरिक आणि मार्टिननं २०१६ मध्ये काय लिहिलं असतं, हे वाचायला मला आवडलं असतं.

हॅरिसनला हॉल ऑफ फेममध्ये घ्या असं मी म्हणत नाही. शेवटचा सामना खेळून पाच हंगाम झाले की नाव विचारात घेता येतं, त्या नियमानं तो २०२६च्या वर्गापासून पात्र आहे. पण चार-पाच उत्तम वर्षं त्या दारासाठी पुरत नाहीत, आणि त्याची तेवढीच होती. शेजारच्या गृहस्थांशी माझा यावर दर हिवाळ्यात वाद होतो. त्यांच्या मते २०१६चं एक वर्षच पुरेसं आहे, माझ्या मते नाही. मला सलते ती बाब याहून लहान आहे. त्याच्या नोंदीचं पान उघडलं की २०१६च्या ओळीत ऑल-प्रो, पहिला संघ, असं लिहिलेलं दिसतं. प्रो बोलची जागा त्याच ओळीत, त्याच वर्षी, कोरी आहे. शेजारच्यांना मी ते एकदा फोनवर दाखवलं. चष्मा वर सारून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दोघांना धरून ठेवल्याचं कुठे लिहितात?"